रंगमंचावरील संगणक : वाद्यवृंदाच्या प्रत्यक्ष ध्वनिमिश्रणातील काळाचा प्रश्न

वाद्यवृंदाचा कार्यक्रम श्रोत्यांपुढे चालू असताना त्यातील निरनिराळ्या आवाजांचा मेळ घालण्याचे काम आजवर मिक्सर ह्या स्वतंत्र यंत्राकडे असे. गेल्या वीसेक वर्षांत हे काम लॅपटॉप संगणक आणि त्यावरील ध्वनिमुद्रणाची प्रणाली यांच्याकडे सोपविण्याचा प्रघात लहान वाद्यवृंदांत पडला आहे. त्याचे कारण उघड आहे. संगणक घरात असतोच. सोळा माइक जोडता येतील अशी ध्वनिपेटी, म्हणजे ज्याला व्यवहारात ऑडिओ इंटरफेस म्हणतात ते उपकरण, मुद्रणासाठी घेतलेले असते. आणि रीपर, ॲब्लटन लाइव्ह, प्रो टूल्स यांसारख्या प्रणालींत मिक्सरमधील प्रत्येक सोय चित्ररूपाने उपलब्ध असते. जे साधन मुद्रणाला चालते ते प्रत्यक्ष प्रयोगाला का चालू नये, असा प्रश्न मग साहजिकच विचारला जातो. तो दिसतो तितका सोपा नाही. त्याच्या उत्तराचा मोठा भाग यंत्रविद्येत नसून मानवी श्रवण व वाणी यांच्या शास्त्रात आहे, आणि म्हणूनच भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याकडे लक्ष द्यावे असा तो विषय आहे.

प्रथम परिभाषेविषयी थोडेसे. मराठीत ‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द मायक्रोफोनसाठीही वापरला जातो आणि लाउडस्पीकरसाठीही. सरकारी आदेशांत ‘ध्वनिक्षेपकावर बंदी’ असे असते तेव्हा बंदी माइकवर नसून कर्ण्यावर असते. आवाज घेणारे आणि आवाज टाकणारे यंत्र एकाच नावाने ओळखले जावे, ही एरवी दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट आहे; पण प्रस्तुत विषयात ह्या दोन यंत्रांमधील अंतर आणि त्यांच्यामधून जाणारा काळ हाच चर्चेचा गाभा असल्यामुळे येथे ‘माइक’ आणि ‘कर्णा’ हे रूढ शब्दच योजिले आहेत.

१

प्रत्यक्ष प्रयोगातील मिश्रण एक नसते, किमान दोन असतात. पहिले श्रोत्यांसाठी आणि दुसरे स्वतः कलावंतांसाठी. गायकाच्या पायाशी तिरपा ठेवलेला कर्णा, ज्याला ‘मॉनिटर’ म्हणतात, किंवा त्याच्या कानांतील लहानसे श्रवणयंत्र हे ह्या दुसऱ्या मिश्रणाचे वाहन होय. श्रोत्यांना ढोल-ड्रम, गिटार, गायन यांचा समतोल हवा असतो. गायकाला मात्र प्रामुख्याने स्वतःचा आवाज आणि सुरासाठी एखादे वाद्य एवढेच हवे असते. ह्या दुसऱ्या मिश्रणाची गरज किती मूलभूत आहे हे १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये झालेल्या ‘बीटल्स’च्या कार्यक्रमाने दाखवून दिले. पन्नास हजारांहून अधिक श्रोत्यांच्या कल्लोळात, मॉनिटर-कर्ण्यांच्या अभावी, चौघा कलावंतांना एकमेकांचे व स्वतःचेही धड ऐकू येत नव्हते.

अशा वेळी गायक काय करतो? तो ओरडू लागतो. फ्रेंच कर्णवैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखविले की भोवतीचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवितो. हा प्रतिसाद इतका स्वयंचलित आहे की तो दाबून टाकणे निग्रहानेही कठीण जाते. दोन तासांच्या कार्यक्रमात गळा बसतो तो पुष्कळदा ह्यामुळे. तेव्हा मॉनिटरचे मिश्रण ही कलावंतांची चैन नसून गायकाच्या कंठाचे संरक्षण आहे; आणि संगणकाच्या योजनेत पहिला ताण पडतो तो नेमका ह्याच मिश्रणावर.

२

ध्वनिमुद्रणाच्या प्रणाली मुद्रणगृहात जन्मल्या. प्रो टूल्स १९९१ मध्ये बाजारात आली; तिच्यापुढे आदर्श होता तो चुंबकीय फितीचा. मुद्रणगृहातील काळ हा लवचिक असतो. आवाज एकदा फितीवर अथवा तबकडीवर उतरला की तो मागेपुढे नेता येतो, आणि विशेष म्हणजे यंत्राला पुढचा आवाज आधीच ठाऊक असतो. पुढे एखादा मोठा आघात येणार आहे हे आधी पाहून आवाज अलगद आवरणारी जी साधने आहेत, ती सारी ह्या पूर्वज्ञानावर जगतात. एखाद्या साधनाने विलंब लावलाच तर प्रणाली इतर सर्व आवाजांना तेवढाच विलंब लावून सर्वांना पुन्हा एका रेषेत आणते. मुद्रणगृहात ह्यामुळे कोणाचेही बिघडत नाही. बटण दाबल्यावर गाणे पावशतांश सेकंद उशिरा सुरू झाले तर त्याची दखल कोण घेणार?

रंगमंचावर भविष्यकाळ उपलब्ध नसतो. तेथे पुढचे पाहावयाचे तर मागचे थांबवून धरावे लागते. पूर्वज्ञानाची किंमत विलंबाने चुकवावी लागते. आणि एका साधनाने लावलेला विलंब इतरांना वाटून देण्याची मुद्रणगृहातील न्यायबुद्धी येथे घातक ठरते. कारण गिटारवर लावलेल्या एका जड साधनामुळे गायकाचा आवाजही विनाकारण मागे खेचला जातो. मुद्रणासाठी तयार केलेली मांडणी जशीच्या तशी रंगमंचावर नेली की घोटाळा होतो तो ह्यामुळे. दोष प्रणालीचा नव्हे. ती वेगळ्या काळासाठी घडविलेली आहे.

३

हा विलंब येतो कोठून, हे थोडे आकडे मांडून पाहणे इष्ट ठरेल. संगणकात ध्वनीचा विद्युत्-संकेत अखंड प्रवाहाच्या रूपाने शिरत नाही. त्याचे सेकंदाला ठरावीक संख्येने नमुने घेतले जातात. प्रत्यक्ष प्रयोगात ही संख्या बहुधा ४८,००० असते. हॅरी नायक्विस्ट (१९२८) व क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या सिद्धान्तानुसार इतक्या नमुन्यांत २४,००० पर्यंतची कंप्रता बिनचूक सामावते, आणि मानवी कान २०,००० च्या पलीकडे जात नाही. नमुने घेण्यात खोट नाही. खोट त्यांच्या वाहतुकीत आहे.

पोस्टातील पत्रपेटीचा दाखला येथे उपयोगी पडेल. पेटीत पडलेले प्रत्येक पत्र पोस्टमन लगोलग धावत नेऊन पोचवीत नाही. थैली भरते, थैली बांधली जाते आणि मग एकदम रवाना होते. संगणकही नमुने एकेक करून हाताळीत नाही. त्यांची एक थैली, जिला बफर म्हणतात, भरली की ती एकदम उचलतो. त्याला एकाच वेळी पडदा रंगवावयाचा असतो, कळफलकाकडे लक्ष द्यावयाचे असते, कधी कधी न सांगता स्वतःची डागडुजीही उरकावयाची असते. ध्वनी हे त्याच्या दृष्टीने अनेक कामांपैकी एक काम असते. थैली मोठी असेल तर त्याला उसंत मिळते. लहान असेल तर पत्र लवकर पोचते, पण एखादी खेप चुकण्याचा संभव वाढतो, आणि खेप चुकली की कर्ण्यांतून ‘टक्’ असा आवाज येतो किंवा क्षणभर शांतता पसरते.

थैलीत २५६ नमुने मावत असतील तर ती भरावयास ५.३ मिलिसेकंद लागतात. १२८ असतील तर २.७; ६४ असतील तर १.३. येताना एक थैली व जाताना एक थैली, म्हणजे हा आकडा दुप्पट करावयाचा. त्यात नमुने घेण्याचा व त्यांचे पुन्हा विजेत रूपांतर करण्याचा एखाद-दोन मिलिसेकंदांचा काळ आणि यंत्रणेने सावधगिरीसाठी राखलेला थोडा अवकाश मिळवावयाचा. अशा रीतीने २५६ च्या थैलीला माइकपासून कर्ण्यापर्यंत सुमारे १२ ते १४ मिलिसेकंद, १२८ च्या थैलीला ७ ते ९ आणि ६४ च्या थैलीला ४ ते ६ असा हिशेब पडतो. मुद्रणगृहात नेहमी वापरली जाणारी १,०२४ ची थैली रंगमंचावर नेल्यास ४० मिलिसेकंदांच्या वर जावे लागते. विंडोज प्रणालीत ध्वनीची वाट सर्वसाधारण कामांच्या गर्दीतून जाऊ नये म्हणून स्टाइनबर्ग ह्या जर्मन संस्थेने १९९७ मध्ये एएसआयओ नावाचा स्वतंत्र मार्ग काढून दिला, तो ह्याच अडचणीपोटी. त्या मार्गाखेरीज विंडोजवर प्रत्यक्ष मिश्रण करण्याच्या भरीस कोणी पडू नये. नमुन्यांचा वेग दुप्पट करून तीच थैली निम्म्या वेळात भरता येते हे खरे. परंतु मग संगणकाचे कामही दुप्पट होते, आणि मिळविलेले पदरात राहीलच असे नाही.

४

आता हे दहा-बारा मिलिसेकंद थोडे की फार? येथे दोन परस्परविरुद्ध मते ऐकू येतात, आणि दोहोंत तथ्य आहे.

हवेतून ध्वनी २० अंश सेल्सिअस तापमानाला सेकंदाला ३४३ मीटर जातो; म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. आपल्या वाद्याच्या कर्ण्यापासून तीन मीटरवर उभा असलेला गिटारवादक स्वतःचा आवाज जवळजवळ नऊ मिलिसेकंद उशिराच ऐकत असतो, आणि त्याबद्दल त्याने कधी तक्रार केलेली नसते. तेव्हा संगणकाने लावलेला दहा मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे वादकाला साडेतीन मीटर मागे सरकविणे, एवढेच. हे पहिले मत. श्रोत्यांच्या मिश्रणापुरते ते सर्वस्वी बरोबर आहे. किंबहुना लहान सभागृहात हा विलंब उपकारक ठरतो. ड्रम रंगमंचाच्या मागच्या बाजूस असतात, कर्णे पुढच्या कडेला. कर्ण्यांतून येणारा ड्रमचा आवाज विजेच्या वेगाने आल्यास तो श्रोत्याच्या कानी ड्रमच्या मूळ आवाजाच्या आधी पोचतो आणि एकच आघात दोन ठिकाणांहून आल्यासारखा फिसकटतो. ग्यॉटिंगेन येथे १९४९ मध्ये सादर केलेल्या आपल्या प्रबंधात हेल्मुट हास यांनी दाखविले की एकाच वाणीची दुसरी आवृत्ती पहिलीच्या मागून सुमारे ५ ते ३० मिलिसेकंदांत आली तर कान त्या दोहोंना एकच मानतो, आणि दुसरी दहा डेसिबलपर्यंत मोठी असली तरी आवाजाची दिशा पहिलीवरूनच ठरवितो. म्हणजे संगणकाच्या मंदगतीमुळे मूळ वाद्य आधी व कर्णा मागून असा क्रम लागतो आणि श्रोत्याला आवाज कर्ण्यातून नव्हे, वाजविणाऱ्याच्या हातांतून येतो आहे असे वाटते. मोठ्या सभागृहांचे ध्वनिसंयोजक हाच विलंब मुद्दाम मोजून लावतात. संगणकवाल्याला तो फुकट मिळतो.

गायकाची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि दुसरे मत गायकांचे आहे. गिटारवादकाला आपले वाद्य हवेतूनच ऐकू येते. गायकाला आपला आवाज दोन वाटांनी ऐकू येतो. एक वाट हवेची, दुसरी कवटीच्या हाडांची. अस्थींच्या वाटेला विलंब जवळजवळ नाहीच. कानांत श्रवणयंत्र घातलेल्या गायकाच्या बाबतीत हाडांतून आलेला आवाज व संगणकातून फिरून आलेला आवाज हे दोन्ही कानाच्या आतच एकत्र होतात. अशा दोन प्रती थोड्या काळाच्या अंतराने मिळाल्या म्हणजे काही कंप्रता एकमेकींना बळ देतात, काही एकमेकींना मारून टाकतात. ध्वनीच्या आलेखात मग फणीच्या दातांसारख्या खाचा दिसू लागतात. विलंब एक मिलिसेकंद असेल तर ह्या खाचा ५००, १,५०० व २,५०० अशा कंप्रतांवर पडतात. पाच मिलिसेकंद असेल तर १००, ३००, ५०० अशा दाटीवाटीने.

ह्यातील पहिली मालिका स्वनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल. प्रौढ पुरुषाची मुखनलिका कंठापासून ओठांपर्यंत सुमारे १७ सेंटिमीटर असते. ती एका टोकाला बंद व दुसऱ्या टोकाला खुली अशी सरळ नळी मानल्यास तिची अनुनादस्थाने ५००, १,५०० व २,५०० येथेच पडतात, आणि त्यातून उदासीन स्वर, म्हणजे मराठीतील ऱ्हस्व ‘अ’ च्या जवळचा स्वर, निर्माण होतो. हा केवळ योगायोग नव्हे. १७ सेंटिमीटर जाण्यायेण्याला ध्वनीला एक मिलिसेकंदच लागतो. नळीची भाषा व विलंबाची भाषा गणिताच्या दृष्टीने एकच आहे. फरक इतकाच की नळी ज्या जागा उंचावते त्याच जागा हा विलंब खोदून काढतो. म्हणून केवळ एका मिलिसेकंदाच्या विलंबाने, प्रतिध्वनीचा भासही न होता, गायकाला स्वतःचा आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा, परका वाटू लागतो. तो ‘उशीर होतो’ असे म्हणत नाही. ‘आवाज पातळ आहे’ असे म्हणतो. मग अननुभवी ध्वनिसंयोजक आवाजाचा पोत बदलीत बसतो, खर्ज वाढवितो, आणि दुखणे जागच्या जागीच राहते. अशा वेळी त्या एका माइकचा संकेत उलटा करून पाहणे हा जुना व सोपा उपाय आहे. त्याने खाचा जागा बदलतात आणि काही गायकांना तेवढ्याने आराम पडतो. विलंब अर्थात तसाच राहतो.

विलंब आणखी वाढत गेला तर गोष्ट स्वनगुणापुरती राहत नाही, उच्चारणाच्या नियंत्रणापर्यंत जाते. बर्नार्ड ली यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग ह्या बाबतीत विख्यात आहेत. बोलणाऱ्याला त्याचाच आवाज सुमारे एक पंचमांश सेकंद उशिरा ऐकविला की त्याची गती मंदावते, आवाज चढतो, अक्षरे पुनरुक्त होतात, आणि धडधाकट माणूस अडखळू लागतो. संगणकाचा विलंब इतका होत नाही हे मान्य. परंतु ४० मिलिसेकंद उशिरा ऐकणारा गायक ताल धरण्यासाठी नकळत पुढे गाऊ लागतो किंवा मागे रेंगाळतो, आणि ड्रमवादक त्याच्याकडे त्रासून पाहू लागतो. वाणी ही केवळ मुखाची क्रिया नसून मुख व कान यांच्या अखंड संवादाची क्रिया आहे, हा सिद्धान्त वर्गात सांगावा लागतो. रंगमंचावर तो आपोआप सिद्ध होतो.

५

ह्यावरून व्यवहाराचा मार्ग स्पष्ट होतो, आणि जाणत्यांनी तो केव्हाच स्वीकारला आहे. दोन मिश्रणे दोन वाटांनी न्यावयाची. बऱ्याच ध्वनिपेट्यांत स्वतःचे असे लहान मिश्रणयंत्र असते. माइकचा आवाज संगणकात न शिरता पेटीतूनच परत गायकाकडे वळविता येतो. त्यात थैल्यांची वाहतूक नसते, म्हणून विलंब एखाद-दोन मिलिसेकंदांच्या पलीकडे जात नाही. श्रोत्यांचे मिश्रण तेवढे संगणकातून जाते. तेथे दहा मिलिसेकंद क्षम्य आहेत, किंबहुना हितकारक आहेत हे वर पाहिलेच. गायकाला थोडा घुमारा हवा असल्यास तेवढाच संगणकातून आणून मिसळावा. घुमारा हा स्वभावतःच उशिरा येणारा आवाज असल्यामुळे त्याला उशीर झाल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही.

बेहरिंगर एक्स-३२ सारखे स्वयंपूर्ण डिजिटल मिक्सर २०१२ पासून तुलनेने स्वस्तात मिळू लागल्यावर लॅपटॉपची गरजच काय, असा आक्षेप येथे घेतला जातो. ह्या मिक्सरमधील गणकाला मिश्रणाखेरीज दुसरे काम नसते. त्यामुळे त्याचा विलंब सुमारे एक मिलिसेकंदावर राहतो. आक्षेप रास्त आहे. ज्यांना असा मिक्सर परवडतो त्यांनी लॅपटॉपकडे मिश्रण सोपवू नये. त्याच्याकडे मुद्रणाचे काम द्यावे. परंतु जेथे मुद्रणाची पेटी आधीच आहे आणि नव्या यंत्राला पैसे नाहीत अशा महाविद्यालयीन वाद्यवृंदांची संख्या पुष्कळ आहे, आणि विचार त्यांचा करावयाचा आहे.

६

मुद्रणगृहातील सवयींपैकी रंगमंचावर सर्वाधिक महाग पडणारी सवय म्हणजे कॉम्प्रेसरचा मुक्त वापर. हे साधन आवाजाची शिखरे दाबते आणि मग एकंदर पातळी उचलते. मुद्रणात त्यामुळे गायन जवळचे व भरदार वाटते. पण शिखरे दहा डेसिबल दाबून एकूण पातळी दहा डेसिबल उचलली, तर गायक गप्प असण्याच्या क्षणी माइक दहा डेसिबलने अधिक तीक्ष्ण झालेला असतो. कर्ण्याचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरण्याची शक्यता तेवढीच वाढते, आणि सर्वपरिचित शिट्टी सुरू होते. माइक, यंत्रणा, कर्णा व हवा ह्या वर्तुळातून एका फेरीत आवाज जितका घटतो त्याहून अधिक वाढविला गेला की हे वर्तुळ स्वतःच गाऊ लागते. कोणत्या स्वरात गाईल हे फेरीला लागणाऱ्या काळावर अवलंबून असते. संगणकाच्या विलंबामुळे संभाव्य स्वरांची संख्या वाढते, वर्तुळाचा मूळ धोका मात्र कमीही होत नाही, जास्तही होत नाही. विलंबामुळे शिट्टी थांबते असा जो समज आहे तो निराधार होय.

कॉम्प्रेसरचा दुसरा अपराध शब्दांच्या बाबतीत आहे. गायकाच्या माइकमध्ये गायकाबरोबर त्याच्या मागील झांजाही शिरत असतात. गायन थांबले की कॉम्प्रेसर झांजा वर उचलतो, आणि झांजांचा सळसळाट तीन-चार हजारांच्या वरच्या कंप्रतांत, म्हणजे ऊष्म व्यंजनांच्या घरातच नांदतो. मराठी गाण्यात ह्याचे परिणाम विशेष जाणवतात. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे ‘जिवंत राहा’ ह्या दोन शब्दांत लेखनात भेद नाही; भेद तालव्य व दंत्य उच्चारांत आहे, आणि तो कानाला कळतो तो घर्षणाच्या वरच्या कंप्रतांवरून. तीच गोष्ट दुहेरी ‘च’ ची. झांजांनी तो पट्टा व्यापला की श्रोत्याला सूर कळतो, चाल कळते, शब्द कळत नाही. आणि ‘हल्लीच्या गायकांचे उच्चार वाईट’ असा शेरा मारून तो मोकळा होतो. उच्चार पुष्कळदा निर्दोष असतात.

खालच्या बाजूनेही असेच आक्रमण होते. खर्जाचे आवाज आपल्याहून वरच्या कंप्रतांना झाकतात, उलट सहसा होत नाही. म्हणून गायकाच्या माइकमधून १०० च्या खालचा भाग कापून टाकणे हे सगळ्या सुधारणांत पहिले. पुरुषाच्या बोलण्यातील आवाजाचा मूलस्वर साधारण तेथेच असतो, आणि त्याच्या खाली माइक हाताळण्याची खडखड, वाऱ्याची फुंकर व बासगिटारची गळती यांखेरीज काही नसते. एवढे केले की पातळी न वाढविताही शब्द वर येतात. संगीत नाटकांच्या काळी हा प्रश्न उद्भवला नाही, कारण पायपेटी व तबला यांच्या आवाजाला माणसाच्या गळ्याचेच माप होते.

७

आता उरला हाताचा आणि विश्वासाचा प्रश्न. मिक्सरवर दहा बोटांनी दहा पट्ट्या एकदम हलविता येतात. संगणकावर बाण एकच असतो. शिट्टी सुरू झाल्यावर योग्य पट्टी शोधून, तिच्यावर बाण नेऊन ती खाली ओढेपर्यंत जो एक-दोन सेकंदांचा वेळ जातो तेवढ्यात श्रोत्यांनी कानांवर हात ठेवलेले असतात. १९८३ पासून रूढ असलेल्या मिडी संकेतपद्धतीने चालणारे पट्ट्यांचे छोटे फलक मिळतात. ते जोडणे अवश्य आहे. त्यावर निदान गायकांच्या पट्ट्या आणि सर्व आवाज एकदम बंद करणारे एक बटण असावे.

संगणकाला मात्र एक अशी शक्ती आहे जी जुन्या मिक्सरला कधीच नव्हती. सायंकाळच्या कार्यक्रमाचे प्रत्येक माइकचे स्वतंत्र मुद्रण त्याच वेळी होत असते. दुसऱ्या दिवशी रिकाम्या सभागृहात वाद्यवृंद हजर नसताना तेच मुद्रण त्याच पट्ट्यांतून, जणू माइकमधूनच येत आहे अशा रीतीने, वाजविता येते. ध्वनिसंयोजकाला मग एकाच कडव्यावर वीस वेळा हात फिरविता येतो. वादकांना ताटकळत न ठेवता शिकण्याची ही सोय विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अमोल आहे. मात्र ह्या तालमीत कर्ण्याचा आवाज माइकमध्ये परत शिरत नाही, त्यामुळे जी पातळी येथे निर्धोक वाटते ती सायंकाळी शिट्टी वाजवू शकते, हे विसरून चालत नाही. मुद्रण करताना पातळीही बेताची ठेवावी. चोवीस बिटांच्या मापनात खालच्या बाजूस विपुल जागा असते. नेहमीचे शिखर कमाल मर्यादेच्या बारा ते अठरा डेसिबल खाली राहिले तर काही गमावत नाही, आणि शेवटच्या गाण्यात आवाज अनावर झाला तरी तो फाटत नाही.

विश्वासाचे म्हणाल तर जुना मिक्सर बिघडला म्हणजे बहुधा त्याची एखादी पट्टी बिघडे, कार्यक्रम चालू राही. संगणक थांबतो तेव्हा सर्वच थांबते. म्हणून कार्यक्रमाच्या आधी त्याची आपोआप होणारी अद्ययावतता, वाय-फाय, विजेची बचत करणारी योजना ही सर्व बंद करावयाची. प्रणालीतील साधने मोजकी ठेवावयाची. आणि संपूर्ण कार्यक्रमाइतका वेळ ती सर्व चालू ठेवून आदल्या दिवशी पाहावयाचे, पाच मिनिटे नव्हे. चार्जर जोडल्यावर कर्ण्यांतून गुणगुण येऊ लागली तर ती बहुधा निरनिराळ्या जोडण्यांच्या भूसंपर्कातील फरकामुळे येते. सर्व यंत्रे एकाच विद्युत्-फलकावरून चालविली की ती पुष्कळदा जाते. चार्जरची भूसंपर्काची पिन काढून टाकण्याचा जो उपाय मंडपांत सर्रास केला जातो तो प्राणघातक आहे. माइकची जाळी ओठांना लागलेली असते, आणि विजेला तेवढी वाट पुरते.

इतके करूनही संगणक थांबू शकतो. गायकाच्या माइकची तार पेटीत शिरण्यापूर्वी तिला एक फाटा फोडून तो चार पट्ट्यांच्या साध्या मिक्सरमार्फत सरळ कर्ण्यांकडे न्यावा आणि त्याची पट्टी खाली ओढून ठेवावी. पडदा काळा पडला की ती एक पट्टी वर करावयाची. ड्रम तसेही ऐकू येतात, गिटारला स्वतःचा कर्णा असतो. गायकाचा शब्द तेवढा ह्या फाट्यावरून जातो, आणि संगणक पुन्हा उभा राहीपर्यंतची चार-पाच मिनिटे गाणे चालू राहते.